पत्र्याखालचे कान

आषाढीला कोंडाण्याच्या देवळात भजनाला बसलो होतो. वर पत्रा, पत्र्यावर कर्जतचा पाऊस, खाली अठरा-वीस टाळ. शेजारचा माझ्या कानाशी लागून काहीतरी सांगत होता. मला नुसते त्याचे ओठ हलताना दिसत होते. त्या गदारोळात आमच्या ७४ वर्षांच्या बुवांनी एकदम हात वर केला. "डावी बसलीय. कणीक सुकली."

पखवाजवाल्याने डाव्या तोंडावर बोट फिरवलं. खरंच सुकली होती. कुणाच्या तरी घरून ओला गोळा आला, जुना पापुद्रा खरवडून तो थापला गेला, दोन-चार थापा पडल्या. घुमारा धरल्यावर बुवांची मान हलली, तेव्हा कुठे अभंग पुढे सरकला.

याच बुवांना गेल्या वर्षी मी पनवेलला कान तपासायला नेलं होतं. निमित्त त्यांचं, तपासायचे होते माझे. दोघांचे आलेख आले. बुवांचा माझ्याहून वाईट! पन्नास वर्षं टाळांच्या मधोमध बसल्यावर दुसरं काय होणार?

आतल्या कानातल्या केसाळ पेशी वयाबरोबर झिजतात आणि गेलेल्या परत येत नाहीत. आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. स, श, थ, फ यांचा मुक्काम तिथेच. म्हणून स्वर ऐकू येतात आणि व्यंजनं गळतात. परवा हिने "शाल आणा" म्हटलं, मी दुकानातून अर्धा किलो डाळ आणली. तूरडाळ. निदान वाया तरी गेली नाही.

मग बुवांचं गौडबंगाल काय? टोरंटोच्या झेंडेल आणि अलेन या संशोधकांना आढळलं की नुसती बारीक शिट्टी ऐकण्यात वादकांचं वयही इतरांसारखंच बोलतं. पण गोंगाटातलं बोलणं सत्तरीच्या वादकाला पन्नाशीच्या बिगरवादकाइतकं कळतं. म्हणजे कान झिजतो तो झिजतोच, आलेल्या आवाजातून निवडून-पाखडून घेणारा मेंदू तयार झालेला असतो. हे सगळ्यांना मान्य नाही. २०१९च्या एका चाचणीत तरुण वादकांना असा काहीच फायदा दिसला नाही. बुवांना हे सांगितलं तर म्हणाले, "तरुण आहेत, बसू दे अजून."

त्यांना स्वतःला गुरूने वर्षभर टाळाला हात लावू दिला नव्हता. मांडीवर ठेका धरायचा आणि ऐकायचं. कौतुक केलं की बुवा आधी त्या गुरूचं नाव घेतात. गावची रीतच असावी. इथल्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वी बलक नावाच्या माणसाने ब्राह्मीत 'हे मी केलं' असं कोरलं, तेही कण्हाचा शिष्य अशी आधी ओळख देऊन.

मला बुवांसारखी पन्नास वर्षं कुठली मिळायला! पण त्याच टोरंटोत, कानाने अधू झालेल्या म्हाताऱ्यांना दहा आठवडे समूहगानाला बसवलं, तर गोंगाटातलं बोलणं त्यांना आधीपेक्षा बरं कळू लागलं. आमचं मंडळ दर गुरुवारी बसतं. मी टाळ घेऊन मागच्या रांगेत असतो, पत्रा गळतो तिथे. बुवा पुढून, पाठमोरे, न वळता मला सांगतात, "घाई नको."

चार गुरुवार झालेत. सहा राहिलेत.