जयंती, पुण्यतिथी आणि भरीत

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की जळगावात वांग्यांची मागणी आणि थोरांचं स्मरण एकदमच वाढतं. निदान आमच्या शेजारच्या आबांकडे तरी. आबा इतिहासाचे निवृत्त मास्तर. विनाकारण भरीत पार्टी करणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही, म्हणून ते कारणं शोधून ठेवतात.

२४ तारखेला साने गुरुजींची जयंती. कोणीतरी म्हणालं, "गुरुजी तर कोकणातले, पालगडचे." आबा तडकले, "श्याम कोकणातला! गुरुजी झाले ते अमळनेरला, प्रताप हायस्कुलात." विषय संपला, पऱ्हाट्या पेटल्या.

२७ला फैजपूर. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, साल १९३६, अध्यक्ष नेहरू. "बामणोदची वांगी शेजारी, महिना डिसेंबर, पंडितजी काय नुसत्या ठरावांवर राहिले असतील?" या युक्तिवादावर टोपलीभर वांगी भाजली गेली.

२८ला मात्र आबा आग पेटवत नाहीत. तो नंदुरबारच्या शिरीषकुमारचा जन्मदिवस. १९४२ला गोळ्या झेलल्या तेव्हा पोरगा पंधरा वर्षांचा होता. चौकात कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स असतो, पन्नाशीचे 'युवा नेते'. आबा तिकडे न बघता पुढे जातात.

२९ला पुन्हा वांगी आली. १९४५ साली याच दिवशी आजच्या विप्रोची स्थापना झाली. कारखाना अमळनेरला, माल वनस्पती तूप. "ज्या जिल्ह्यातल्या तुपातून पुढे कॉम्प्युटर निघाले, तिथे फोडणीला हात आखडायचा?" म्हणत आबांनी भरतावर तेलाची धार धरली.

३१ला अमळनेरकडच्या काकूंनी विचारलं, "आज कोनी जयंती शे?"

"पुण्यतिथी. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ला धुळ्यात गेले. गाव थर्टी फर्स्ट करतं, आपण राजवाडे करू."

राजवाड्यांना अस्सल कागदाशिवाय काही पटत नसे. आठवडाभर भरीत ठेचणाऱ्या पुरुषांचं कौतुक सगळ्यांनी केलं होतं. कळण्याच्या पुऱ्या कोणी तळल्या, याची नोंद आबांच्या दप्तरात कुठेच नव्हती. काकूंनी नवं कॅलेंडर उघडलं, ३ जानेवारीवर बोट ठेवलं आणि जाहीर केलं, की सावित्रीबाईंच्या जयंतीला पुऱ्या आबा तळतील.

आबा थोडा वेळ विचारात पडले. मग म्हणाले, "वांगं तसं फार उष्ण, नाही का?"