लाइट गेल्यावर चहा कशावर?

आमच्या घरातला गॅस गेला तो आईच्या नाकामुळे.

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं एक दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळतात आणि पुढची जबाबदारी घरातल्या नाकांवर टाकतात. ब्याऐंशीव्या वर्षी आईच्या नाकाने या जबाबदारीचा राजीनामा दिला. दोनदा दूध उतू जाऊन बर्नर विझला, गॅस तसाच सुरू राहिला, आणि दोन्ही वेळा आई शेजारी बसून निवांत लसूण सोलत होती. तिसऱ्या वेळेची वाट न बघता बंगळूरच्या चिरंजीवांनी फर्मान काढलं, "बाबा, गॅस बंद. उद्यापासून इंडक्शन." सिलिंडर परत गेले, डिपॉझिट आलं आणि मी साठीत आधुनिक झालो.

इंडक्शनला लोहचुंबक चिकटेल अशाच बुडाची भांडी चालतात. म्हणून फ्रिजवरचा चुंबकाचा गणपती काढून खिशात घातला आणि तुळशीबाग पालथी घातली. पातेलं उचलायचं, उलटं करायचं, बुडाला गणपती लावायचा. चिकटला तर पातेलं चांगलं. चौथ्या दुकानात मालकाने हळूच विचारलं, "काका, नवस आहे का काही?" आईची पितळी पातेली, ॲल्युमिनियमचा कुकर, तांब्याचा तपेला असं सगळं गणपतीने नापास केलं आणि माळ्यावर गेलं.

या सगळ्यात मी गुरुवार विसरलो. पुण्यात गुरुवार हा दत्ताचा आणि विजेच्या दुरुस्तीचा वार. काम निघालं की सकाळी दहाला गेलेले लाइट पाचशिवाय येत नाहीत. आणि आईचा चहा चारला. पहिल्याच गुरुवारी बरोबर चार वाजता तिने रिकामी कपबशी समोर मांडली आणि भिंतीकडे बघत बसली. सव्वाचारला म्हणाली, "पानशेत फुटलं ना, एकसष्ट सालच्या १२ जुलैला, तेव्हा शनिवारात पुरुषभर पाणी होतं. आम्ही नेसत्या वस्त्रानिशी काकाकडे गेलो होतो. पण चारला चहा झाला होता."

त्या रात्री मी पर्यायी शेगडीच्या शोधाला लागलो.

पहिला मान इन्व्हर्टरवाल्याचा. त्याने आमचा इन्व्हर्टर बघितला, इंडक्शन बघितलं आणि लग्न जुळत नसलेल्या दोन पत्रिका बघाव्यात तशी मान हलवली. "काका, हा नऊशे व्हीएचा. खरे वॉट सातशे धरा. तुमची शेगडी मागते दोन हजार." मी शाळेत पदार्थविज्ञान शिकलेला माणूस. म्हटलं, बारा व्होल्टची दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे अठराशे वॉट-तास. दोन कप चहाच्या आधणाला तीस पुरतात. म्हणजे साठ वेळा चहा आहे की हो या बॅटरीत! तो म्हणाला, "आहे ना. पण टाकी भरलेली असली तरी तोटी बारीक आहे." यावर माझं पदार्थविज्ञान संपलं.

मग मुलाने बारीक तोटीला चालेल अशी पाचशे वॉटची किटली धाडली. इन्व्हर्टरवर ती चालली, हे कबूल केलं पाहिजे. पण पाणी उकळलं रे उकळलं की ती टक्कन स्वतःहून बंद पडते. आमच्याकडे आधण उकळल्यावर चहाची सुरुवात होते. त्यात आलं ठेचून पडतं, मग साखर, मग पावडर, मग दूध, मग तीनदा वर येऊन तीनदा खाली बसतं. मी किटलीतच दूध घालून बघितलं, तर ती तोटीतून ओट्यावर ओकली. आईने एक घोट घेतला आणि म्हणाली, "औषध चांगलं आहे."

बायको किटली पुसता पुसता पुटपुटली, "आणि यात काही भाजता पण येणार नाही." मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी माळ्यावरून आईचा पितळी स्टोव्ह खाली आला. पंपाचा, तीन पायांचा, भर्रर्र आवाजाचा. स्वीडनमधल्या लिंडक्विस्ट नावाच्या माणसाने १८९२ मध्ये प्रायमस काढला, आणि बिनकाजळीच्या त्या निळ्या ज्योतीने पुढे आपल्याकडच्या कितीतरी घरांतली चूल विझवली. स्टोव्ह समोर येताच आई दहा वर्षांनी तरुण झाली. तिने पंपाचा दट्ट्या दोनदा ओढला, कान लावला. "वायसर वाळलाय. खोबरेल लाव." मी दट्ट्या बाहेर काढून त्या कातडी वायसरला बोटाने तेल चोळलं, तेव्हा तो कडक चामड्याचा तुकडा हळूहळू मऊ होऊन फुलासारखा उमलला. पुन्हा पंप मारला तर हाताला दाब लागला. बोहरी आळीतून पिनांचं पाकीट आणलं. आईने नुसत्या हातवाऱ्यांनी सगळा विधी करून दाखवला: वाटीत काकडा पेटवायचा, बर्नर तापू द्यायचा, मग चावी बंद करून पंप, घाई केली तर पिवळा भडका.

भडका हा शब्द ऐकून बायको दारातून म्हणाली, "त्या काळात पेपरात रोज यायचं, स्टोव्हचा भडका उडून सून भाजली. सासू भाजल्याचं कधी वाचलंय?"

कोणी काही बोललं नाही. आईने पिनांचं पाकीट मिटलं.

तसंही रॉकेल मिळालं नाहीच. लहानपणी याच रेशन दुकानापुढे निळं रॉकेल घ्यायला कॅन रांगेत ठेवून आम्ही गोट्या खेळायचो. परवा तिथे जाऊन विचारलं, तर दुकानदाराने मी ढब्बू पैसा मोडून मागितल्यासारखं माझ्याकडे बघितलं. स्टोव्ह आता चिंचेने घासून शोकेसमध्ये ठेवलाय. पाहुणे त्याला अँटिक म्हणतात, आणि आई तोंड फिरवते.

चिरंजीव हार मानणाऱ्यांतले नाहीत. पुढच्या आठवड्यात ट्रेकवाले नेतात तसा, डब्यातल्या ब्यूटेनवर चालणारा स्टोव्ह आला. मी फोन करून विचारलं, "अरे, गॅस बंद कोणी केला होता?" तिकडे शांतता. इकडे बायको मात्र त्या निळ्या ज्योतीभोवती घुटमळत होती. "राहू द्या ना. आपण वापरू जपून." जपून वापरू, हे ती गॅसबद्दल एकदाही म्हणाली नव्हती. मी खोकं परत पाठवलं खरं, पण मनात पाल चुकचुकली.

सौर कुकरची गोष्ट थोडक्यात सांगतो. आमच्या गॅलरीत ऊन साडेदहाला संपतं.

मग एका मित्राने सराई कुकर दाखवला. हे पुण्याचंच अपत्य. डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करायची रीत बसवली, तिला २००२ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. आणि तसला शंभरेक ग्रॅम कोळसा खाली पेटवला की वरच्या डब्यांत वाफेवर पाच माणसांचा वरण-भात होतो. मी भारावून गेलो. शेतात जाळून टाकायचं पाचट, त्यावर अख्ख्या घराचं जेवण! घरी येऊन बायकोला तासभर समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"त्यात वांगं भाजता येईल का?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ही जळगावकडची. तिच्या माहेरी हिवाळ्यात शेतात पऱ्हाट्यांचा जाळ करतात आणि त्यावर ती फिकट हिरवी, पांढऱ्या रेघांची, हातभर वांगी टाकतात. साल काळी पडून तडकते, आतून पाणी सुटतं, मग ठेचायची, वर मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. इंडक्शनवर ज्योत नाही. पापड नाही, फुलका नाही, भरीत नाही. एअर फ्रायरमध्ये वांगं भाजून बघितलं होतं तिने. शिजतं, पण धुराचा वास नाही लागत; वांग्याचं श्रीखंड होतं. इतके दिवस ही बाई मुकाट्याने तेच खात होती, आणि मी खुळ्यासारखा चहाची गणितं मांडत होतो.

शेवटी घेतली ती बोहरी आळीतली साधी लोखंडी शेगडी. कोळसा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून. घरात पेटवायची नाही, हे पहिलंच कलम. कारण कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत आईचंच काय, जगातलं कुठलंच नाक उपयोगी नाही. तेव्हा ती गच्चीवर, भर मोकळ्यावर. तिथे सोसायटीची परवानगी लागली. सेक्रेटरींनी दोन बैठका घेऊन लेखी दिली: "केवळ वीजपुरवठा खंडित असताना, व अग्नी पूर्ण विझवण्याच्या अटीवर."

पहिल्या गुरुवारी साडेतीनला मी वर गेलो. खाली नारळाची शेंडी, तिच्यावर चार कोळसे, वरून थोडे बारके. आणि मग लक्षात आलं की गॅस गेल्यापासून स्वयंपाकघरात काडेपेटी आलेलीच नाही. सहा मजले उतरून देवघरातली आणली. पुठ्ठ्याने वारा घातला, डोळ्यांत धूर गेला, कोळशाच्या एका कडेला लाल ठिपका दिसला, तो विझला, पुन्हा दिसला. चार वाजून वीस मिनिटांनी आधण ठेवलं. चहा सहा मजले खाली येईपर्यंत कोमट झाला होता. आईने बशीत ओतला, प्यायली आणि म्हणाली, "धुराचा वास येतोय."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तिला वास आला होता!

पुढच्या गुरुवारी चंपाषष्ठी होती. मेहुण्याने जळगावहून रात्रीच्या बसने वांगी धाडली होती, मोजून अकरा. बायकोने पहाटेच कांद्याची पात चिरून ठेवली, गच्चीवर शेगडी मांडली, कोळसा रचला, या खेपेस काडेपेटी पदराला बांधली. दहा वाजले. लाइट होते. साडेदहा झाले, अकरा झाले. वॉचमनला विचारलं, तर तो आनंदाने म्हणाला, "आज काम नाही साहेब, मेसेज आलाय. दिवसभर लाइट आहे!"

बायको डोक्यावरच्या गरगरणाऱ्या पंख्याकडे बघत बसली. सेक्रेटरींचं पत्र फ्रिजवर गणपतीखाली चिकटवलेलं होतं. ते तिने पुन्हा एकदा शांतपणे वाचलं.

"अहो," ती म्हणाली, "नुसतं 'वीजपुरवठा खंडित असताना' लिहिलंय. कोणी खंडित करायचा ते नाही लिहिलेलं. आपला मेन स्विच कुठे असतो?"

मी स्टूल घेऊन उठलो. आतून आईचा आवाज आला, "चारच्या आत परत लाव रे."