ॲव्हरेज खातो कोण?

पिकअपचे ॲव्हरेज म्हणजे एक लिटर डिझेलमध्ये गाडीने कापलेले अंतर. इथपर्यंत मालक आणि ड्रायव्हर यांचे एकमत असते. पुढे मालकाच्या मते ॲव्हरेज ड्रायव्हर खातो, ड्रायव्हरच्या मते गाडी, गॅरेजवाल्याच्या मते नोझल आणि पंपवाल्याच्या मते दुसऱ्या पंपावरचे डिझेल. हौद्यात किती माल भरला आहे, हे या चौघांपैकी कोणीही विचारत नाही.

ॲव्हरेज काढायची रीत साधी आहे. टाकी फुल करून मीटरचा आकडा लिहायचा, गाडी नेहमीसारखी चालवायची, पुन्हा टाकी फुल करायची आणि जितके लिटर बसले त्याने किलोमीटरला भागायचे. पण ड्रायव्हरच्या हाती फुल टाकी देणे म्हणजे तिजोरीची किल्ली देणे, अशी मालकवर्गाची धारणा आहे. म्हणून डिझेल लिटरात नव्हे, रुपयांत भरले जाते. पंपवाल्याने मापात मारू नये म्हणून काही जण हजाराऐवजी 1020 चे टाकायला सांगतात. साऱ्या हिशेबात विचार करून ठरवलेला आकडा एवढा एकच.

माल हा ॲव्हरेजचा खरा धनी. नारायणगावच्या टोमॅटोचेच घ्या. क्रेट 20 किलोचा धरला तर 1.7 टन क्षमतेच्या पिकअपमध्ये 85 क्रेट बसतात, तेही रिकाम्या क्रेटचे वजन न धरता. हंगामात मात्र क्षमता आरसी बुकावरून नव्हे, दोरखंडाच्या लांबीवरून ठरते. मागच्या कमानीला दोन पाटे जास्तीचे घातले की गाडी बसल्यासारखी दिसत नाही आणि जे दिसत नाही ते वजन नसते.

यात मालकाला अडाणी समजण्याचे कारण नाही. समजा, दीड टनाला गाडी 12 चे ॲव्हरेज देते आणि अडीच टनाला 9 चे. पहिल्या फेरीत एका लिटरमागे 18 टन-किलोमीटर काम झाले, दुसरीत साडेबावीस. ॲव्हरेज पडले, पण टनामागे डिझेल कमीच लागले. फरकाची वसुली टायर, क्लचप्लेट, ब्रेक आणि रस्ता यांच्याकडून होते. गाडी सापडलीच तर 2019 च्या दुरुस्तीनुसार 20 हजार रुपये दंड आणि जादा प्रत्येक टनाला 2 हजार वेगळे. हे गणित पक्के ठाऊक असलेला मालकच संध्याकाळी ड्रायव्हरला विचारतो, ‘बाराची गाडी नऊ का देते रे?’

वेगाचे शास्त्र याहून कठोर आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. काटा 60 वरून 80 वर गेला की तो पावणेदोन पटीच्याही वर जातो. त्यात कॅबिनवर कॅरिअर आणि हौद्यावर नीट न आवळलेली, फडफडणारी ताडपत्री असली म्हणजे गाडी निम्मे डिझेल पताका मिरवण्यात घालवते की काय, असे वाटू लागते. 60 किलोमीटरच्या अंतरात या घाईने 15 मिनिटे वाचतात. ती आळेफाट्याला चहाच्या टपरीवर जातात, इंजिन चालू ठेवून. कारण बॅटरी कमजोर आहे आणि ती बदलण्याचा विषय मालकाकडे दिवाळीपासून पडून आहे. त्या वेळेत गाडीचे ॲव्हरेज शून्य असते.

टायरमध्ये हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो, तापतो आणि डिझेल जास्त लागते. हवा टायर थंड असताना, गेज लावून बघायची असते. रूढ पद्धतीत टायरवर टॉमी हाणून आवाज ऐकतात. आवाज ‘टण्’ आला तर हवा बरोबर. ‘थप्प’ आला तर पुढच्या पंपावर बघू.

घाटातली बचत सगळ्यात महागात पडते. माळशेजच्या उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडली की डिझेल वाचते, असे जुने उस्ताद सांगत आले. कॉमन रेल इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंधनाचा पुरवठा आपोआप बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतेच. म्हणजे वाचत काही नाही, उलट इंजिनाचा आवर सुटून सगळा भार ब्रेकवर येतो. चावीच बंद केली तर ब्रेक आणि स्टिअरिंगला मिळणारी मदतही थांबते. तेव्हा मालकाचे डिझेल खरोखरच वाचते.

डिझेलच्या पाइपला लावायच्या चुंबकाची कीर्तीही मोठी आहे. डिझेल चुंबकाला दाद देत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभरावर उपकरणे तपासली. बहुतेक निरुपयोगी ठरली. चुंबकाला पैसे लगेच निघतात. एअर फिल्टर मात्र झटकून पुन्हा बसवतात.

उरली परतीची फेरी. वाशीच्या बाजारात माल उतरवून गाडी रिकामी निघाली तर ॲव्हरेज झकास येते, पण सहसा तिच्यावर रिकामे क्रेट चढवलेले असतात. हे क्रेट एकात एक बसत नाहीत, त्यामुळे वजन किरकोळ आणि उंची कॅबिनच्या वर. वाटेतली सगळी हवा अंगावर घेत गाडी नारायणगावला पोहोचते. या फेरीचे भाडे मालक हिशेबात धरत नाही, डिझेल धरतो.