ड्रॅगनचा भाव

ड्रॅगन काढणं अवघड नसतं. मोठे पंख, धुरकट नाकपुड्या, पोटाखाली थोडं सोनं, झालं. जादूच्या पत्त्यांच्या खेळासाठी स्वतःची कार्डं बनवणारी मंडळी अडतात ती वरच्या उजव्या कोपऱ्यात. तिथे किंमत लिहायची असते. हा ड्रॅगन टेबलावर उतरवायला किती मॅना मोजायचे? मॅना म्हणजे जादूचं इंधन, जमिनीच्या कार्डांतून पाळीपाळीने गोळा होणारं. आठ लिहिले तर ड्रॅगन पोचेपर्यंत डाव आटोपलेला असतो. दोन लिहिले तर समोरच्याने खेळायला बसण्यात अर्थ उरत नाही. त्यातून कार्ड बनवणारा स्वतः त्या ड्रॅगनच्या प्रेमात. मुलीकडच्यांपुढे चिरंजीवांची माहिती सांगणाऱ्या वरमाईसारखा तो लिहीत जातो: उडतो, आग ओकतो, मरत नाही, आणि आमची अपेक्षा म्हणाल तर काहीच नाही.

‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ 1993 मध्ये आणणारा रिचर्ड गारफिल्ड मूळचा गणिताचा माणूस. गणितज्ञाला शोभतील अशी पाच कार्डं त्याने पहिल्याच संचात ठेवली. प्रत्येकाची किंमत एक मॅना, आणि प्रत्येकाचं दान तीनच्या हिशोबाचं. लाल वीज तीन घाव घालते, हिरवं कार्ड प्राण्याचं बळ तीनने वाढवतं, काळं तीन मॅना मिळवून देतं, पांढरं मलम तीन प्राणांक परत करतं आणि निळं तीन नवी पानं हातात ठेवतं. कागदावर तराजूचा काटा अगदी मधोमध. पण निळं ‘अ‍ॅन्सेस्ट्रल रिकॉल’ असं काही जड निघालं की स्पर्धांच्या ज्या एका प्रकारात ते आज चालतं, तिथेही डेकमध्ये त्याची एकच प्रत ठेवता येते. आणि ‘हीलिंग साल्व्ह’ हे मलम डेकमध्ये घ्यायला सहसा कोणी राजी नसतं. नवी पानं हातात आली की नव्या वाटा फुटतात; मलम फार तर माणसाला होता तिथे परत आणून बसवतं. वीस प्राणांकांनी सुरू होणाऱ्या खेळात तीन प्राणांक परत मिळाले म्हणून कोणी जिंकत नाही, हरणं तेवढं लांबतं.

मला या मलमाची फार कणव येते. माझ्या लहानपणी घरातली निम्मी माणसं नेमकी याच कामावर होती. कोणी कोणाच्या गुडघ्याला तेल चोळतंय, कोणी तापल्या कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी बदलतंय. जिंकण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता, आणि कोणी त्यांना डेकमधून काढलंही नव्हतं.

तोल साधायचा म्हणजे बलवानाला महाग करायचं, एवढाच एक उपाय नाही. सावंतवाडीच्या गोल, रंगवलेल्या दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे दहा रंग असतात. त्यांतल्या पाच रंगांत राजा-प्रधानांच्या खालोखाल दश्शी मोठी. उरलेल्या पाचांत उतरंड उलटी, तिथे दुर्री तिर्रीला मारते आणि दश्शी सर्वांत खाली. एका घरात थोरला थोरलाच राहावा आणि शेजारच्या घरात धाकटा थोरला व्हावा, अशी ही शहाणी व्यवस्था. ती पहिल्यांदा कोणाला सुचली असेल, त्याला भावंडं पुष्कळ असावीत.

माझी भाची सध्या कार्डं बनवते. ड्रॅगन, समुद्री राक्षस, एक रडका जादूगार असं सगळं झाल्यावर तिने ‘आजी’ केली. प्रत्येक पाळीला दोन प्राणांक देणारी आजी, किंमत शून्य. मी मामाच्या अधिकाराने हरकत घेतली. म्हटलं, शून्य फार धोक्याचं असतं बाई. ‘ब्लॅक लोटस’ शून्यातच मिळतं आणि एका झटक्यात तीन मॅना देतं, त्या एका कमळाने किती डावांची वाट लावली! आजी फुकट कशी?

“अरे मामा, पण आजीला लागतं काय?”

याला उत्तर होतं, पण ते कार्डाच्या कोपऱ्यात मावणारं नव्हतं.

आम्ही खेळून पाहिलं. आजी ज्याच्याकडे, तो हरेचना. भाचीने बराच वेळ पेन्सिल चावली आणि मग किमतीला हात न लावता मजकुरात दोनच शब्द घातले: ‘दोन्ही खेळाडूंना’. आजी समोरच्यालाही वाढते. मी चाटच पडलो, कारण हा मुरलेल्या कारागिराचा डाव होता. पहिल्या संचातलं ‘हाउलिंग माइन’ असंच आहे: ज्याने मांडलं त्यालाही जादा पान, शत्रूलाही. तोल झकास साधला. मात्र आता डाव संपेना, आणि शेवटी खऱ्या आजीने पानं वाढल्याची हाक मारली तेव्हाच आम्ही उठलो. जेवताना तिने ते कार्ड चष्मा लावून नीट वाचलं. “सगळं बरोबर आहे गं,” ती म्हणाली, “पण ही स्वतः कधी जेवते, ते राहिलंय.”

खुद्द गारफिल्डने बनवलेलं एक कार्ड कुठल्या पाकिटात विकायला आलं नाही. ‘प्रपोजल’ त्याचं नाव, किंमत चार पांढरे मॅना. ते टाकलं की गारफिल्डने लिली वू हिला लग्नाची मागणी घालायची. ती हो म्हणाली तर दोघंही जिंकले, आणि दोघांची पानं मिसळून यापुढे एकच सामाईक डेक. क्विंटन हूवरकडून चित्र काढून घेऊन त्याने ते आपल्या डेकमध्ये सरकवलं आणि तिच्याशी खेळायला बसला. पहिल्या काही डावांत पान हातीच येईना. सगळा खेळ ज्याने रचला, तो आपल्याच पिसलेल्या गठ्ठ्यापुढे ताटकळत बसला होता. अखेर पान आलं, आणि ती हो म्हणाली.

हे मी भाचीला जरा रंगवूनच सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि तिच्या हातात काउंटरस्पेल असतं तर?” समोरच्याची जादू जागच्या जागी रद्द करणारं हे कार्ड पहिल्या संचापासून आहे. दोन निळ्या मॅनांत मिळतं, म्हणजे मागणीच्या निम्म्या भावात.