वर्क-लाइफ बॅलन्स साहेबांस, नंदुरबारहून

श्रीमान वर्क-लाइफ बॅलन्स साहेब,
मु. पो. हिंजवडी, पुणे



मार्च 2020 मध्ये आपण लॅपटॉपच्या बॅगेतून गावोगावी उतरलात, शहादा-नवापुरातही आलात, तेव्हापासून आपला उपदेश आम्ही निमूट ऐकतो आहोत. कामाची जागा वेगळी ठेवा, दार लावून घ्या, घरच्यांना वेळा सांगून ठेवा. उपदेश चांगलाच आहे. फक्त दाराबाहेर कोणीतरी असणार, हे आपण धरूनच चालता. ती पोराला गप्प करणार, मीटिंगच्या आत मिक्सर उरकणार, आणि कुकरची तिसरी शिट्टी आतल्या माइकपर्यंत पोचू नये म्हणून ओट्याशी उभी राहणार. केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात 2019 साली आपल्याच घरचे काम करणाऱ्या बाईची त्यात रोज 299 मिनिटे जात होती, घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची 97. मध्ये टाळेबंदी आली, पुरुष कधी नव्हे इतका घरात बसला, आणि 2024 मध्ये तिची मिनिटे झाली 289, त्याची 88. घरात बसूनही नऊ मिनिटे वाचवली, अभिनंदन! (चारांतले जवळजवळ तीन पुरुष तर या हिशेबात येतच नाहीत.)

आपण म्हणाल, घरून कामाचा फायदा बाईलाच जास्त. 2017 च्या दुरुस्तीने मातृत्व रजेनंतर तिला घरून काम करण्याची वाट कायद्यानेच दिली. दिली खरी, पण कामाचे स्वरूप तसे असेल आणि मालक राजी असेल तर. बापासाठी त्या कायद्यात ओळही नाही. म्हणजे घरातले बाळ कोणाचे, हे कायद्यालाही आधीच ठाऊक! आणि घरून काम आमच्या जिल्ह्याला आपण शिकवलेत, हा गैरसमज सोडा. अंगणवाडी सेविका दिवसभर पोरे सांभाळून, वजने घेऊन घरी येते आणि चुलीपुढे पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर नोंदी भरते. धडगाव-मोलगीकडच्या पाड्यांवर त्यासाठी रेंज शोधत टेकडीही चढावी लागते. 2021 मध्ये राज्यभरच्या सेविकांनी निकृष्ट म्हणून सरकारी मोबाइल परत केले, तेव्हा त्यांच्या समतोलावर आपले एकही व्याख्यान झाले नाही. तिला मिळते ते मानधन. पगार म्हटला तर वेळेचा हिशेब द्यावा लागेल.

राहिला शेवटचा आक्षेप: नवरा जास्त कमावतो, म्हणून त्याचे दार बंद राहावे. पगार मोठा असला म्हणून जेवल्यावरचे ताट आपोआप घासले जात नाही, साहेब. दार बंद ठेवायचेच तर पाळीपाळीने ठेवा. एक तास तिचे, एक तास त्याचे. तिच्या तासाला ओट्याशी त्याने उभे राहावे. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचा असतो.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपली,
दाराबाहेरची