नफा नको, खर्च द्या!

पनवेलच्या एसटी स्टँडसमोर चहा पिता पिता मामांनी खिशातून फीची पावती काढली. मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. "मास्तर, जमिनीचा भाव मला कळतो. हा कसा ठरतो?"

म्हटलं, मामा, १९८३ साली वसंतदादा मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना दार उघडलं. सरकारी अनुदान नाही, म्हणजे सगळा भार पालकाच्या खांद्यावर. साखरसम्राटांना शिक्षणसम्राट व्हायला मग फार वेळ लागला नाही. कारखान्याला शेतकऱ्याचा ऊस लागायचा, इथे पोरगंच लागतं.

"म्हणजे लूटच!"

छे! नफेखोरी चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ सालीच पै खटल्यात बजावलंय. विकासापुरती वाजवी शिल्लक ठेवा, बस. पुढे २०१५ च्या कायद्यानं राज्यात शुल्क नियामक प्राधिकरण आलं. ते कॉलेजचे हिशेब तपासतं आणि झालेल्या खर्चावर फी ठरवतं.

मामा खूश झाले. भोळा माणूस! नफा करायचा नाही आणि फी खर्चावर ठरणार, तर शहाण्यानं करायचं काय? खर्च करायचा. कमानीला संगमरवर, कमानीमागे कारंजं, कारंज्याच्या उद्घाटनाला पाहुणे. खर्च हिशेबात चढतो आणि पुढच्या साली फीत उतरतो.

सगळंच पाप कारंज्याचं नाही, हेही खरं. बाउमोल आणि बोवेन या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली लिहून ठेवलंय, की चार वादकांची रचना शंभर वर्षांनीही चौघांनाच वाजवावी लागते. पगार मात्र बाहेरच्या जगाबरोबर वाढत जातो. वर्गातही तेच. तासाचं काम अर्ध्या तासात उरकणारा मास्तर अजून निघालेला नाही (निघाले, त्यांनी क्लास काढले). आपल्याकडे यावरही तोड सापडली: तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. वाजवणारा स्वस्त झाला, तिकीट काही उतरलं नाही.

मामांचं बोट पावतीच्या मधल्या ओळीवर थांबलं होतं. "हा 'विकास निधी' कुणाच्या विकासाचा?"

"संस्थेच्या, मामा."

"मग संस्थेत आपला वाटा?"

मी चहात बिस्कीट बुडवलं. ते तुटून तळाला गेलं.

मामांनी पावतीची घडी घातली. "नवी मुंबई वसवायला सिडकोनंही आमची जमीन घेतली. चौऱ्याऐंशीला त्या आंदोलनात जासईत पोलिसांच्या गोळ्या खाल्ल्या आमच्या माणसांनी, पण जमिनीचे साडेबारा टक्के परत तरी मिळाले. हे लोक किती टक्के देतात, जरा विचारून सांगाल?"