पेचकसावर चालणारी पद्मिनी

शिंदखेड्यात कुणाच्या जुन्या पद्मिनीची किल्ली इग्निशनमध्ये तुटली, की घरच्यांच्या आधी गल्लीला कळतं. मुंडकं मालकाच्या हातात, पातं कुलपात, आणि खिडकीशी वाकलेले चार चेहरे.

"काय व्हयनं?"

"किल्ली तुटी गयी भो!"

एवढ्यावर सल्लागार मंडळ बसतं. त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी मोटार घेतलेली नसते, त्यामुळे मतं अगदी ठाम असतात.

तसा किल्लीचाही फार दोष नसतो. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून निघू लागलेली ही गाडी, पुढे सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. कारखान्यातून ती निघणं थांबल्यालाही दोन दशकं उलटून गेली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. खानदेशात उरलेल्या एखाद्या पद्मिनीला मात्र निवृत्ती नाही. दोंडाईच्याहून मिरचीचं पोतं आणायचं असो, की रेल्वे स्टेशनवर सुरतेच्या पाहुण्यांना घ्यायला जायचं असो, तिलाच काढतात. पितळी किल्लीच्या खाचा झिजतात, मानेपाशी केसाएवढी चीर पडते. वैशाखातली धूळ कुलपात साठते, किल्ली अडते, मालक जोर लावतो. पुढचं मुंडक्याला माहीत.

मंडळाचा पहिला ठराव खोबरेल तेलाचा. तेलात धूळ कालवली गेली, की कुलपात चिखल होतो. त्यापेक्षा शिसपेन्सिलीची कोरडी पूड बरी. दुसरा ठराव लोहचुंबकाचा. तो आणायला एक पोरगा सायकलवरून पिटाळला जातो. चुंबक येतो, बराच वेळ कुलपाशी धरला जातो, आणि मग कुणाला तरी आठवतं, की पितळ चुंबकाला चिकटत नसतं. तिसरा ठराव सगळ्यात घातक: काडीला झटपट चिकटणारा डिंक लावून तुकडा ओढायचा. डिंक जरासा ओघळला, तर किल्ली आणि कुलूप यांचा कायमचा संसार.

तेवढ्यात मिस्तरी येतो. तो कुलपाकडे बघतही नाही. आधी बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढतो. कारण किल्ली 'ऑन'वर तुटली असेल, इंजिन बंद असेल आणि पॉइंट मिटलेले राहिले, तर कॉइलमधून करंट वाहत राहतो. ती तापते, प्रसंगी जळते.

मग तो चष्मा पुसून कुलपात डोकावतो. आत स्प्रिंगवर बसवलेल्या छोट्या पत्त्या असतात. योग्य किल्ली आत गेली, की त्या एका रेषेत येतात आणि कुलूप फिरतं. तुटलेलं पातं हे काम अजूनही इमानेइतबारे करत असतं, फक्त त्याला मुंडकं नसतं. म्हणून मिस्तरी तुकडा ओढत नाही, उलट पुरता आत सारतो. वायर जोडतो. खाचेत बारीक पेचकस घालून फिरवतो, आणि इंजिन खोकत सुरू होतं.

तुकडा काढायचं काम घरी, सावलीत. कुलूप आधी किल्ली जिथे आत-बाहेर होते त्या जागी आणावं लागतं. अर्धवट फिरलेलं असेल, तर पातं निघत नाही. नक्षीकामाच्या करवतीचं बारीक पातं, दाते बाहेरच्या बाजूला वळवून, किल्लीच्या कडेने सरकवायचं, दातात खाच अडकली की हळूच ओढायचं. दोन्ही तुकडे जपायचे. ते जुळवून चावीवाला नवी किल्ली कापून देतो.

तुकडा आत आहे तोवर पद्मिनी पेचकसावर चालते. किल्लीच्या खुंटीवर पेचकस लटकतो, आणि सल्लागार मंडळाला नवी काळजी लागते.

"आते ही गाडी कोणी बी लयी जाई!"

मिस्तरी हात पुसत म्हणतो, "लयी जाऊ द्या ना! पहिले चोक कितला वढाना, हाई तं समजू द्या त्याले."